आबांनी न घातलेली माळ

आबांना जेवायला बोलावणाऱ्या बाईची मला कायम कीव येते. हा माणूस पाटावर बसतो, पहिला घास तोंडात घालतो आणि डोळे मिटून घेतो. तेवढ्या वेळात त्या बाईचा जीव टांगणीला लागतो. मग डोळे उघडतात आणि निकाल लागतो. "खोबरं करपलंय." "मसाला परवाचा हाय." "ही कोंबडी लई म्हातारी हुती, तिला निवांत मरू द्यायचं." माझ्या लग्नात हळदीच्या जेवणाला माझ्या वडिलांनी घोटावड्यातला नावाजलेला आचारी लावला होता. आबांनी रस्सा चाखला, डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, "पोरगी चांगली हाय." माझ्या वडिलांना ते वाक्य आठवलं की अजून ठसका लागतो.

नाव कुशाबा. नात्यानं माझे सासरे, पण मालेपासून पौडापर्यंत सगळे आबा म्हणतात म्हणून मीही आबाच म्हणते. माले गावाच्या वरच्या अंगाला आमची वस्ती. भाताची खाचरं, थोडी वांगी-टोमॅटो, एक म्हैस आणि आजूबाजूला सगळी भावकीची घरं. आबांच्या अंगात नेहरू शर्ट आणि लेंगा, डोक्याला टोपी, आणि मिशा अशा की पाहुण्यांची लहान पोरं आधी रडतात आणि मग त्याच मिशा ओढायला मांडीवर येऊन बसतात. आबा कधी सरपंच झाले नाहीत, सोसायटीचे चेअरमन झाले नाहीत. त्यांच्याकडं मान एकच, डेगीचा.

हा मान काय ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. चैत्रात आमच्या वस्तीची भैरोबाची जत्रा असते. पहिल्या दिवशी देवाला पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी भावकीचं मटण. तीन दगडांवर मोठी डेग चढते, रस्सा उकळतो, आणि मग आबा हात धुऊन येतात. पळीभर रस्सा तळहातावर घेतात, चाखतात, डोळे मिटतात. सगळी वस्ती चिडीचूप. आणि आबा म्हणतात, "उतरवा." हा शब्द निघाल्याशिवाय डेग जाळावरून उतरत नाही. आबांच्या आधी हा मान त्यांच्या वडिलांकडे होता, आणि त्यांच्या आधी एका चुलत्याकडे. चुलत्याला कावीळ झाली आणि भावकीनं बसून ठरवलं की आजारी माणसाच्या जिभेला चव नसते, तेव्हा मान दुसऱ्या घरात गेला. हे आबांना पक्कं ठाऊक होतं, आणि भावकीतल्या गेणबालाही. गेणबा म्हणजे आबांचा लहानपणापासूनचा जोडीदार. दोघं एकाच तालमीत घुमले, एकाच शाळेतून पळाले. पण डेगीपाशी उभं राहून आबांच्या हातातल्या पळीकडं तो ज्या नजरेनं बघायचा ती नजर काही जोडीदाराची नव्हती.

तर माघात आबा वांग्यांना पाणी देता देता खाली बसले. छातीत भरून आलं. म्हणाले, गॅस हाय, ओवा द्या. माझा नवरा शंभू तसा शांत माणूस, पण त्या दिवशी त्यानं बापाचं एक ऐकलं नाही. गाडीत घातलं आणि पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी छातीत स्प्रिंग बसवली आणि सांगितलं, मटण बंद, तळलेलं बंद, फरसाण बंद. मग आहार सांगणाऱ्या एक बाई आल्या. तरुण होत्या, हसऱ्या होत्या.

"आजोबा, भूमध्य समुद्राच्या काठची माणसं जेवतात तसं जेवायचं," त्या म्हणाल्या. "कडधान्यं, डाळी, भाज्या, फळं, बदाम-अक्रोड, ऑलिव्हचं तेल. तुम्ही मात्र फक्त झाडापानांचंच खायचं."

आबांनी विचारलं, "तितं जत्रा भरती का?"

"भरत असेल की."

"मग जत्रंला काय खात्यात ती माणसं?"

"मटणच खातात," बाई म्हणाल्या. "पण त्यांच्या छातीत स्प्रिंग नसते."

माझ्या सासूबाई सगुणाबाई, मी त्यांना आत्या म्हणते, त्यांनी तिथंच खाटेपाशी आबांचा हात स्वतःच्या गळ्याला लावला आणि त्यांना शपथ घ्यायला लावली, मटणाला शिवणार न्हाई म्हणून. आबा म्हणाले, "अगं, गळा दाबून घेतीस का शपथ घालतीस?" पण शपथ घेतली. आणि आत्याच्या गळ्याची शपथ आबा मोडणार नाहीत, हे मला माहीत होतं. तोंडानं कितीही बोलोत, आत्या माहेरी गेली की हा माणूस दोन दिवसांत म्हशीशी बोलायला लागतो.

घरी येताना गाडीतच आबांनी हुकूम सोडला. स्प्रिंगचं गावात कुणाला सांगायचं नाही. पुतण्याच्या लग्नाला गेलो होतो म्हणायचं. कारण एक तर डेगीचा मान, आणि दुसरं म्हणजे बघायला येणारी माणसं. आमच्याकडं आजारी माणसाला बघायला येणारे शहाळं आणि बिस्किटाचा पुडा घेऊन येतात, खाटेच्या कडेला बसतात आणि माणूस समोर जिवंत असताना म्हणतात, "लई भला हुता." आबा म्हणाले, "ते ऐकायला लागलं तर मी दुसरी स्प्रिंग तोडून घेईन." दुसरी स्प्रिंग नव्हतीच.

आता स्वयंपाक माझ्या गळ्यात पडला. धरणाच्या काठच्या एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात मी सकाळपाळीला जाते. तिथं शहरातली माणसं पैसे भरून उपाशी राहायला येतात. तिथल्या आचाऱ्याकडून मी ही समुद्राकाठची चटणी-भाजी शिकले होते. म्हटलं, बघू, आबांना मी करून घालते आणि निकालाला मीच उभी राहते.

पहिल्या दिवशी हमस केलं. हरभरे मऊ शिजवले, भाजलेले तीळ, लसूण, लिंबू घालून गंधासारखं वाटलं, वरून तेलाची धार सोडली, सोबत नाचणीची भाकरी. आबांनी ताटाकडं बघितलं.

"ही चटणी हाय का पिठलं?"

"चटणी."

"मग एवढी का?"

"हीच भाजी, हीच चटणी. लावून खायचं."

घास घेतला, डोळे मिटले. मी पदराला हात पुसत उभी. मला तेव्हा घोटावड्याच्या त्या आचाऱ्याची फार आठवण आली. आबा म्हणाले, "म्हशीला रातीब असाच भिजवत्यात. पण म्हशीला लसूण घालत न्हाईत." आणि सगळी वाटी संपवली. दुसऱ्या दिवशी वांगं भाजून तिळाच्या वाटणात कालवलं, तर म्हणाले, "हे भरीत हाय. ह्यातली मिरची कुटं गेली?" मी म्हटलं, त्यांच्यात मिरची घालत नाहीत. "मग वांग्यानं त्यांचं काय घोडं मारलं हुतं?" असं विचारून तेही संपवलं. मला राग यायचा. नावं ठेवायची आणि ताट चाटायचं, हा कुठला न्याय? निदान एक तरी करा.

ऑलिव्हची फळं बाटलीतून येतात आणि त्या बाटलीची किंमत बघितली की माझी भूक जाते. मग मी आमच्या डोंगरातली कच्ची हिरवी करवंदं आणली आणि मिठाच्या पाण्यात घातली. दिसायला अगदी तशीच. आबांनी एक चावलं, एक डोळा मिटला तो बराच वेळ उघडला नाही. "समुद्राकाठची माणसं कमी बोलत असतील," म्हणाले. "दात आंबल्यावर काय बोलणार." पण नंतर शेतावर जाताना खिशात चार घेऊन जायला लागले.

खरा घोळ तेलानं केला. शंभूनं ऑलिव्हच्या तेलाची मोठी बाटली आणली. आता आमच्याकडं हे तेल एकाच कामाला येतं, तान्ह्या बाळाला चोळायला. आत्यानं चुलीपाशी ती बाटली बघितली, मग माझ्या पोटाकडं बघितलं, आणि तिचा चेहरा उजळला. मी म्हटलं, "आत्या, आबांच्या भाजीला हाय ते." तिला पटलं, पण तोवर ती मागच्या दारानं जाऊन शेजारच्या साळूबाईला सांगून आली होती. साळूबाईला सांगितलं म्हणजे ताम्हिणीच्या घाटापर्यंत सांगितलं. दुपारी साळूबाई डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन हजर. आणि खरं सांगता येईना, कारण मग तेल कुणासाठी हा प्रश्न आला, आणि त्याचं उत्तर आबांच्या छातीत. मी लाडू ठेवून घेतले. बाटलीतलं तेल मात्र भराभर कमी व्हायला लागलं. मला वाटलं, आबा पितात की काय. एक दिवस बघितलं तर आत्या दुपारी ओसरीवर बसून गुडघ्यांना चोळत होती. "समुद्राचं हाय ना," म्हणाली. "लई गुण हाय."

आता इथपर्यंत सगळं घरात झाकलेलं होतं. मग भूगावला एक हळद आली.

भूगावचे पाहुणे जुने, न जाऊन चालण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी मांडवात पंगत बसली. वाढायला गेणबा फिरत होता. आबांच्या पानाशी आला, पळी वर धरली. "आबा, तुमच्यासाठी नळी राखलीया."

मी बायकांच्या पंगतीतून बघत होते. आबांनी नळीकडं बघितलं. आत्याकडं बघितलं. आत्यानं नुसता स्वतःच्या गळ्याला हात लावला. आमच्याकडं गड्यानं वशाट नको म्हणायला दोनच कारणं चालतात. एक तर आजार, नाहीतर माळ. आजार सांगायचा नव्हता.

"मी माळ घातलीया," आबा म्हणाले.

सगळी पंगत वळून बघायला लागली. कुशाबानं माळ घातली म्हणजे वाघानं गवत खाल्लं. गेणबाच्या हातातली पळी तशीच राहिली, आणि मग त्याच्या डोक्यात पुढचं आलं ते मला दिसलं. "मग यंदा डेगीची चव मी बघतो," तो म्हणाला. "माळकऱ्याला कसं जमंल?"

बसलेले सगळे म्हणाले, बरोबर हाय. आबांचा चेहरा पडला. एका खड्ड्यात पडू नये म्हणून दुसऱ्यात उडी मारलेला माणूस कसा दिसतो तो मी त्या दिवशी बघितला. गाडीत बसल्यावर शंभू म्हणाला, "आबा, काय केलंत हे?" आबा म्हणाले, "तोंडातनं गेलं." तेच तोंड, ज्यानं लोकांच्या कोंबड्यांची वयं काढली.

घरी आल्यावर आबांनी आत्याकडं तिच्या वडिलांची जुनी माळ मागितली. आत्या म्हणाली, "माझ्याशी काय खोटं बोलायचं ते बोला. देवाशी चालायचं न्हाई." माळ दिली नाही. मग आबांनी नेहरू शर्टाची वरची गुंडी लावली ती जत्रेपर्यंत सोडली नाही. चैत्राचं ऊन, घामाच्या धारा, वरून गळ्याला उपरणं, आणि हा माणूस शेतात कॉलर बंद करून उभा. कुणी विचारलं तर म्हणायचे, "माळ मळती."

दोन दिवसांनी दारात टाळ वाजले. चंद्रकांतबुवा, आमच्या भजनी मंडळाचे म्होरके, चार माणसांना घेऊन आले होते. बुवांचे डोळे भरून आले होते. "आबा, तुमच्यासारखा माणूस आपल्यात यावा म्हणून किती वर्षं वाट बघितली," ते म्हणाले, आणि आबांच्या हातात टाळांची जोडी दिली. आबांना गाता येत नाही, म्हशीलाही ठाऊक आहे. तरी बसले. एक अभंग झाला. दुसऱ्याच्या मध्येच बुवा थांबले आणि हवा हुंगली. आत माझ्या चुलीवर लसूण परतला जात होता. समुद्राकाठच्या स्वयंपाकात लसणाला तोटा नाही.

"आबा, माळकऱ्याच्या घरात लसूण?"

मी आतून ऐकत होते. आबांनी टाळ उगीच एकदा वाजवले. मग त्यांचा आवाज आला, अगदी शांत, भजनी आवाज. "सुनंला दिवस गेल्यात बुवा. तिला डोहाळे लागलेत लसणाचे."

माझ्या हातातलं उलथनं खाली पडलं. बुवा म्हणाले, साळूबाई म्हणत होती खरी, आनंद आहे. बुवांच्या मागून चौघं म्हणाले, आनंद आहे. ते उठून जाईपर्यंत मी दात आवळून उभी राहिले. त्यांची पाठ वळली आणि मी ओसरीवर आले. माझं तोंड चालतं हे घरात सगळ्यांना माहीत आहे, पण सासऱ्यांसमोर मी पदर सांभाळून बोलते. त्या दिवशी पदर कुठं होता मला आठवत नाही.

"आबा, तुमच्या एका नळीपायी मी आता नऊ महिन्यांनी पोर कुठून आणून दाखवू? रस्त्यानं चालले की बायका माझ्या हातातली कळशी काढून घेतात. रिसॉर्टवर मला खुर्ची दिली. खुर्चीवर बसून कांदा चिरते मी."

आबांनी टाळ खाली ठेवले. मला वाटलं होतं रागावतील. ते म्हणाले, "चुकलंच माझं. जत्रंला सगळ्यांसमोर सांगतो. तोवर दम धर."

"आत्ता का नाही?"

"आत्ता सांगितलं तर डेगीपाशी गेणबा उभा राहतोय आन मी खाटंवर. लोकं शहाळी घिऊन येत्यात." मग खाली बघून बोलले, "मरायचं भ्या न्हाई गं मला. पण जत्रंला डेग उतरताना माझा आवाज न्हाई निघाला, तर मग मी हाय कशाला?"

आत्या दारात उभी होती. तिनं हे ऐकलं. आत्या फार कमी बोलते, पण त्या दिवशी बोलली. "म्हंजी मटणासाठी जगलात व्हय इतकी वर्षं? मग मी कोण हाय घरात, डेगीखालचा जाळ?" आणि ती आत निघून गेली. मला आबांचा राग आला होता आणि वाईटही वाटलं, दोन्ही एकदम, आणि दोन्ही खरं होतं.

जत्रा आली. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळामागच्या चिंचेखाली डेग चढली. माळकऱ्यांचं पातेलं दरवर्षी बाजूला, पारापाशी असतं. बटाटा, वांगं, वर पाणी, आणि ज्यानं माळ घातली त्यानं मुकाट्यानं गिळायचं. या वर्षी त्या पातेल्यावर बुवांनी मोठ्या कौतुकानं आबांना नेमलं होतं. आबा मला म्हणाले, "मलाच खायचं हाय ते. तुझं समुद्राकाठचं कर." मी हरभरे आणि वाल शिजवले, वांग्याच्या मोठ्या फोडी, टोमॅटो, धने-जिरे, मूठभर खारवलेली करवंदं, आणि आत्याच्या गुडघ्यांपासून वाचलेलं सगळं तेल. लसूण घातला नाही, हिंग घातला. बुवांनी येऊन दोनदा हुंगून बघितलं.

आबा माझ्या पातेल्याशेजारी बसले होते, पण नजर सगळी डेगीकडं. रस्सा उकळला. गेणबा हात धुऊन आला. नवं धोतर नेसला होता. सगळी भावकी गोल करून उभी राहिली. मी भाकरीची परात घेऊन तिथं गेले होते, म्हणून मला सगळं जवळून दिसलं. गेणबानं पळीभर रस्सा तळहातावर घेतला. हात तोंडाजवळ नेला आणि थांबला. हुंगला. परत खाली आणला.

"जरा शिजू दे," तो म्हणाला.

शिजू दिलं. पुन्हा रस्सा हातावर, पुन्हा तोंडापाशी, पुन्हा खाली. "अजून जरा." जाळ चालूच. रस्सा आटायला लागला. भाकऱ्या गार व्हायला लागल्या, बायका कुरकुरायला लागल्या, पाहुणे घड्याळं बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, गेणबा, चव घेतोस का मुहूर्त बघतोस? गेणबाच्या कपाळावरून घाम गळत होता. पण मानकऱ्याच्या शब्दाशिवाय डेग उतरायची नाही, आणि मानकरी बोलत नव्हता.

आबा उठले. पारापासून डेगीपर्यंत चालत आले आणि गेणबाच्या कानाशी वाकले. "बुडाला लागतंय. काय झालं?"

"मला न्हाई जमायचं," गेणबा पुटपुटला.

"का?"

गेणबानं ओला हात छातीवर ठेवला. "दोन हायेत. दिवाळीच्या आधी बसवल्या. पोरीकडं राहायला गेलो म्हणून सांगितलं हुतं."

आबा त्याच्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता हसतील. इतकी वर्षं ज्यानं पळीवर डोळा ठेवला, त्याच्या हातात पळी आली आणि तोंडापर्यंत नेता येईना. पण आबा हसले नाहीत. गेणबाच्या हातातून पळी घेतली, त्याला बाजूला केलं, डेगीवर वाकले आणि मोठा श्वास घेऊन वाफ हुंगली. डोळे मिटले. वस्ती चिडीचूप.

"मीठ कमी हाय," आबा म्हणाले. "मूठभर टाका. आन उतरवा."

मीठ पडलं, डेग उतरली. पण चंद्रकांतबुवा पुढं आले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. "आबा, माळ घातलेला माणूस मटणाची वाफ घेतो?"

आबांनी सगळ्यांसमोर वरची गुंडी सोडली. उपरणं काढलं. गळ्यात काही नव्हतं, नुसता घामोळ्यांचा पट्टा होता. "बुवा, तुमची माफी मागतो. माळ न्हाई घातली. छातीत स्प्रिंग घातलीया. माघात." मग माझ्याकडं हात करून म्हणाले, "आन सुनंला दिवस बी गेलेलं न्हाईत. लसूण मीच खात हुतो."

साळूबाई मागून म्हणाली, "मग माझे लाडू?"

"संपले," मी म्हटलं.

भावकीतला एक म्हातारा बोललाच. आजारी माणसाला मान नाही, पहिल्यापासून रीत आहे. आजाऱ्याच्या जिभेला चव नसते. आबा म्हणाले, "जीभ आजारी हाय. नाकाला काय झालंय?" आणि मग गेणबा पुढं झाला. तो त्याच्या छातीतलं सांगेल असं मला वाटलं होतं, पण तो सांगेना. तो एवढंच म्हणाला, "मान आबांचाच हाय. मी सोडला." त्याच्या तोंडून हे आल्यावर पुढं कुणी काय बोलणार?

पंगत बसली. आबा पारावर बसले, शेजारी गेणबा. मी दोघांना माझ्या पातेल्यातलं वाढलं. गेणबानं करवंद चावलं, एक डोळा मिटला. "हे काय हाय?"

"समुद्राकाठचं," आबा म्हणाले. "सवय होती."

तिकडं शंभूनं रश्श्यात भाकरी बुडवून पहिला घास घेतला आणि माझ्याकडं बघितलं. मी जाऊन त्याच्या वाटीत बोट बुडवून चाखलं. मीठ. आधीच आटून खारट झालेला रस्सा, त्यात आबांच्या नाकानं सांगितलेली मूठ. जिभेला चटका बसावा इतका खारट. मी पंगतीकडं बघितलं. सगळ्यांचे हात संथ झाले होते, तांबे रिकामे होत होते. एक जण उठला आणि वाटी घेऊन हळूच माझ्या पातेल्यापाशी आला. म्हणाला, जरा तुझी ती चटणी-भाजी वाढ. मग दुसरा. मग बायका. बघता बघता माळकऱ्यांच्या पातेल्याला रांग लागली, आणि बुवा जागा धरून उभे राहिले की आधी माळकऱ्यांना.

आबांना वाटलं, लोकांना समुद्राकाठचं आवडलं. माझ्याकडं बघून मिशीत हसले. मग डेगीकडं मान करून पंगतीला विचारलं, "काय, रस्सा कसा झालाय?"

आता सांगते, माझ्या जिभेवर आलं होतं. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांची खोबरी करपलेली काढली, माझ्या वडिलांचा रस्सा एका वाक्यात बुडवला, मला लसणाचे डोहाळे लावले, त्याला एकदा तरी ऐकवायचं होतं. सगळ्यांनी आत्याकडं बघितलं. आत्या बायकांच्या रांगेत पहिली बसली होती. ओसरीवरच्या त्या भांडणानंतर ती आबांशी कामापुरतंच बोलत होती. तिनं वाटी उचलली, सगळा रस्सा पिऊन टाकला, तांब्यातलं पाणी पिऊन टाकलं, आणि पदरानं तोंड पुसलं.

"लई चांगला झालाय," आत्या म्हणाली. "दरवर्षी असाच होऊ दे."

मी आत्याला कधी कुणाच्या स्वयंपाकाला चांगलं म्हणताना ऐकलं नव्हतं, माझ्या तर नाहीच. आबांनी मान हलवली आणि ताटातल्या हरभऱ्यांकडं वळले. मी पाण्याची कळशी उचलली आणि पंगतीला पाणी वाढत गेले, आणि या वेळी कुणी ती माझ्या हातातून काढून घेतली नाही.